चार नंबरच्या बोरचे पाणी

हेमराज कापगतेच्या धाकट्या बहिणीचा, भुमेश्वरीचा, पाट लागला ते साल दोन हजार एक्केचाळीस. त्याच साली मंडळाने येरंडटोल्याच्या डोंगरात चौथा बोर मारला. दोन्ही गोष्टींची हेमराजला सारखीच लाज वाटत होती. बहिणीची अशासाठी, की पहिला नवरा वारल्यावर तिने मुकाट माहेरी राहायचे सोडून पंप दुरुस्त करणाऱ्या येरंडटोल्याच्या एका बिजवराशी पुन्हा संसार मांडला. बोरची अशासाठी, की एवढा देश पडला असताना मंडळाला नेमके त्याच्या सोयऱ्यांचेच गाव सापडले. नागपुरात बंगला, दारात गाडी, नावामागे डॉक्टर, आणि कामावर गेले की चहाच्या टपरीवरचा माणूस विचारणार, "का गा हेमराज, मोठा साहेब झाला म्हने?"

मंडळ म्हणजे भूगर्भ निक्षेप मंडळ. अणुभट्टीत जळून उरलेला कचरा जमिनीत खोल पुरायची जागा शोधणे, हे त्याचे काम. पंधरा वर्षांत त्याने तीन जागा शोधल्या आणि तिन्ही सोडल्या. पहिलीत खडक भुसभुशीत निघाला. दुसरी एका मंत्र्याच्या सासुरवाडीत निघाली. तिसरीचा अहवाल इतका जाड झाला, की तो वाचून होईपर्यंत वाचणारेच निवृत्त झाले. चौथी जागा येरंडटोला. इथे मंत्री नव्हता. खडक चांगला गुलाबी ग्रॅनाइट होता, आणि डोंगराच्या पायथ्याशी बाप-आज्यांनी बांधलेला मोठा तलाव होता. त्या तलावावर ढिवरांची मासेमारी आणि साऱ्या टोल्याचे धान चालत असे.

कचरा पुरायची रीत अशी. आधी तो काचेत वितळवून घट्ट करायचा. ती काच पोलादी डब्यात भरायची, डब्याभोवती चिकणमाती ठासायची, आणि अर्धा किलोमीटर खाली खडकात खोल्या कोरून तिथे ठेवून द्यायचा. मग लाखभर वर्षे त्याने तिथून हलता कामा नये. खडक त्याला हलवत नाही. हलवते ते पाणी. ते डब्याला गंज आणील, काच विरघळवील, आणि वाट सापडली तर ते विष घेऊन वर येईल. म्हणून जागा सुरक्षित आहे की नाही हे ठरवायला एकच प्रश्न विचारावा लागतो. खालचे पाणी किती जुने? लाखो वर्षांपूर्वी खडकात अडकलेले पाणी आजही तिथेच असेल, तर त्या खडकाला वाटा नाहीत. पाणी तरुण असेल, तर ते वरून आले आहे, आणि जे वरून आले ते परत वरही जाऊ शकते.

हे वय सांगणारे यंत्र हेमराजच्या ताब्यात होते. त्याला सगळे वयमापी म्हणत. पूर्वी या कामाला टाकीभर पाणी आणि परदेशातली प्रयोगशाळा लागे. वयमापीला कळशीभर पाणी पुरे. पाण्यात विरघळलेला क्रिप्टॉन नावाचा वायू ते बाहेर काढी, लेसरच्या उजेडात त्याचा एकेक अणू पकडी आणि मोजी. या वायूचा एक प्रकार लाखो वर्षे टिकतो. तो किती उरला यावरून जुन्या पाण्याचे वय निघते. दुसरा प्रकार अकरा-एक वर्षांत निम्मा होतो, आणि तो येतो कुठून, तर अणुभट्टीचे जळलेले इंधन कारखान्यात विरघळवताना उडून. साऱ्या जगाच्या हवेत तो मिसळला आहे. गेल्या काही दशकांत ज्या पाण्याला हवा लागली, त्या पाण्यात तो सापडणारच. ज्या धंद्याचा कचरा पुरायचा, त्याच धंद्याने पाण्यावर मारलेला हा शिक्का होता. वयमापी तेवढा शिक्का बघत असे. कोणाचे गाव, कोणाची सासुरवाडी, हे त्याला समजत नसे.

पाट लागला तो फाल्गुनात. त्या भागात एक रीत होती. दुसऱ्यांदा नांदायला जाणारी बाई माहेरच्या तलावातले लोटाभर पाणी बरोबर नेई आणि नव्या गावच्या सर्वांत खोल पाण्यात ओती. पाणी जितके खोल जाईल तितकी ती त्या गावात मुरली, असे बाया मानत. पूर्वी ते तलावाच्या तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी तोंडाजवळ ओतत. या वेळी नवऱ्याच्या आत्याने मोडता घातला.

"तलाव काहून? आता सगळ्यात खोल पाणी त्या मशीनवाल्याईच्या बोरात हाय," आत्या म्हणाली. "आमच्या सुनेचं पाणी पाताळातच जाईन."

बाया गाणी म्हणत डोंगरावर गेल्या. राखणदाराने वधूचा भाऊ साहेब म्हणून झाकण उघडून दिले. भुमेश्वरीने लोटा उपडा केला. हेमराज मांडवाच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. हे सारे त्याने लांबून पाहिले आणि तोंड वाकडे केले.

शेजारी नवरदेव येऊन बसला. टेकचंद हातझाडे, चाळिशीचा, काळा, हसरा. बाशिंग डोक्यावरून मागे सरकले होते.

"भाऊ, त्यानं तुमचं काही बिघडलं तं नाही ना जी?"

"काही बिघडत नाही. वरून साडेचारशे मीटरवर रबरी बूच आहे. हवेनं फुगवलेलं. त्याच्याखालचं पाणी आम्ही काढतो. तुमचा लोटा बुचावरच बसून राहील."

"मंग बरं," टेकचंद म्हणाला. मग बाशिंग सावरत, "भाऊ, तुमचं काम इथं सुरू झालं, तं माह्यासाठी पाहून घेजा. पंपाचं काम असते म्हने खाली. नाहीतर मले हैदराबादले जावं लागन, अन् ही पुन्हा एकटी पडन."

हेमराजने पाहू म्हटले. सोयरा पहिल्या दिवसापासूनच मागायला लागला, असे त्याच्या मनात आले.

पंधरा दिवसांनी वयमापीने चार नंबरच्या बोरचे पाणी वाचले. नागपूरच्या प्रयोगशाळेत पडद्यासमोर हेमराज होता आणि त्याची सहकारी नाझनीन काझी होती. वयाने ती त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि बोलायला फटकळ. एक, दोन आणि तीन नंबरचे पाणी सात-आठ लाख वर्षांचे निघाले होते. चार नंबरच्या पाण्यात तिसरा हिस्सा पाणी ताजे होते. काल-परवा हवा खाल्लेले.

"तलाव," नाझनीन म्हणाली. "तलावाच्या तळातून सरळ खाली चीर असणार. येरंडटोला गेला, सर. कळवून टाका."

हेमराजने कळवले. मंडळाच्या अध्यक्षांचा, टिपणीस साहेबांचा, फोन तासाभरात आला. टिपणीसांनी आयुष्यात एकदाही बोर पाहिला नव्हता, पण बोरच्या उद्घाटनाचे नारळ त्यांच्याइतके कोणीच फोडले नव्हते.

"कापगते, तीन जागा गेल्या. चौथी गेली तर मंडळच जाईल. एकाच बोरमध्ये ताजं पाणी, बाकी तिन्हींत जुनं. म्हणजे नमुना खराब झाला असणार. कशाने झाला ते तुम्ही सांगा. लहानसं कारण हवं, लोकांना पटेल असं. परवा बैठक आहे. आणि हो, संचालकाची जागा जुलैत रिकामी होतेय, तुमच्या कानावर असेलच."

हेमराज त्या दिवशी जेवला नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण जे कारण हवे होते ते त्याला शोधावे लागले नाही. ते लुगडे नेसून, गाणी म्हणत, त्याच्या डोळ्यांसमोरून डोंगर चढले होते. मग त्याने स्वतःची समजूतही घातली. काम सुरू झाले तर टेकचंदला नोकरी, बहिणीचा संसार टिकणार. तिच्यासाठीच तर करतो आहोत. माणसाला आपली पायरी सोडायची असली, की तो कोणाचे तरी भले हाताशी धरतो.

बैठकीत त्याने लोट्याची हकीकत सांगितली. सुटाबुटातली बारा माणसे खो खो हसली. एकाने विचारले, लोटा पितळी होता की स्टीलचा. दुसरा म्हणाला, विज्ञानाची या देशात ही परीक्षा. टिपणीस हसता हसता डोळे पुसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेची अशी कळा आली होती, की जणू दवाखान्यातून बरी बातमी आली.

नाझनीन हसली नाही.

"सर, बूच तुम्हीच बसवलंत. त्याचा दाब एकदाही हलला नाही. लोट्याचं पाणी बुचाच्या वरच राहिलं. आणि तिसरा हिस्सा ताजं पाणी म्हणजे लोटा नव्हे, टँकर लागतील. तुमच्याकडे पाटाला टँकर आणतात का?"

सगळे हेमराजकडे पाहू लागले. इथे एक वाक्य पुरले असते.

"मॅडम, आमच्याकडची लग्नं तुम्ही पाहिली नाहीत," तो म्हणाला.

पुन्हा हशा. चार नंबरचा नमुना बाद झाला. पुन्हा नमुना घ्यावा असे कोणी सुचवले नाही. उलट, लोक पुन्हा काही ओततील म्हणून तो बोर सिमेंटने कायमचा बुजवायचे ठरले. नाझनीनची पुढच्या महिन्यात राजस्थानात बदली झाली, वाळूतले पाणी मोजायला.

पण चार नंबरच्या आकड्याची बातमी तोपर्यंत गावात पोचली होती. ढिवर बायांची मासेमारी संस्था होती. त्यांनी तो आकडा पोपटासारखा पाठ केला. बोगदा आला तर तलाव जाईल, असे त्या आधीपासून ओरडत होत्या. आता सरकारच्याच यंत्राने साक्ष दिली होती. जनसुनावणीत त्या तोच आकडा मांडणार होत्या. म्हणून मंडळाने सुनावणीत भुमेश्वरीला बोलावले.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मंचावर साहेब लोक, पाण्याच्या बाटल्या, फुलदाण्या. ज्या माणसांना पाण्याबद्दल विचारायचे होते ती खाली उन्हात बसली होती. मंचावर हेमराजही होता.

"तुम्ही बोरमध्ये पाणी ओतलं का?" अधिकाऱ्याने विचारले.

"ओतलं जी."

"कुठलं?"

"माहेरच्या तलावाचं. लोटाभर."

"काही मंत्रबिंत्र?"

"गाणं म्हटलं बायांनी."

मंचावर कोणीतरी फुलदाणीआड हसले. भुमेश्वरीच्या ते लक्षात आले. तिने पदर सावरला, पण ती खाली बसली नाही. तिने सरळ भावाकडे पाहिले.

"दादा, मी ओतलं ते खरं हाय. पण एवढ्याशा लोट्याचं पाणी तिथवर जाते का? तूच आमच्या यायले सांगत होता ना मांडवात, मधात बूच हाय म्हणून."

टिपणीसांनी समोरच्या बाटलीचे झाकण उघडले आणि पुन्हा लावले. ढिवर बाया माना उंचावून पाहू लागल्या. बहिणीने विचारलेला प्रश्न बैठकीतल्या बारा शहाण्यांपैकी एकालाही सुचला नव्हता. ज्या एकीला सुचला होता ती वाळू मोजत होती.

"जाते, बाई," हेमराज म्हणाला. "पाणी आहे ते. वाट काढतेच."

भुमेश्वरीने मान हलवली. दादा शिकलेला, दादा यंत्रवाला. तिला तेवढे पुरले.

"मंग माह्यानंच झालं असन," ती म्हणाली आणि बसली.

जागा सुरक्षित ठरली. हेमराज जुलैत संचालक झाला. टेकचंदला बोगद्यात पंपावर नोकरी लागली, गणवेश मिळाला, डोक्याला पिवळा टोप मिळाला. आणि भुमेश्वरीशी गावातल्या बायांनी बोलणे टाकले. ढिवरांच्या वस्तीत तिला मासे मिळेनात. नळावर ती गेली की बाया हंडे उचलून चालू लागत. जिने स्वतःच्या तोंडाने गावाचा पुरावा बुडवला, तिच्याशी काय बोलायचे, असा त्यांचा हिशेब. ज्याने खरोखर बुडवला त्याच्या गाडीला मात्र हीच मंडळी नमस्कार करत. गाडी मोठी होती.

बोगदा दोन वर्षे खाली खाली उतरत गेला. दुसऱ्या वर्षीच्या भाऊबीजेला हेमराज येरंडटोल्याला आला. ओवाळणी झाली. टेकचंद नुकताच पाळीवरून आला होता. तो हातपाय धुऊन पाटावर बसला, आणि जेवताना सहज बोलला.

"भाऊ, खाली आता भिंतीले घाम येऊन राहिला जी. आधी एक पंप पुरे. आता तीन लावले, तरी बूट बुडते."

हेमराजचा घास हातात राहिला. "कुठे?"

"ते जुनं बोर बुजवलं ना तुमी, चार नंबरचं, तिकडच्या अंगाले. आता त्याच बाजूले फोडून राहिले."

"इंजिनिअरला सांगितलं?"

"सांगितलं. तो म्हणे, तुमचे साहेब तुमच्या घरचेच हायेत, त्यायनंच तं जागा पास केली. भिता कायले?" टेकचंद हसला. त्याला ते मोठेपणाचे वाटत होते.

"यायले वर काम देता येते का, दादा?" भुमेश्वरीने विचारले. "मले बरं नाही वाटत."

हेमराज तिथून उठून एक फोन करू शकला असता. संचालक होता, बोगदा त्याच्या एका शब्दाने थांबला असता. पण थांबवायचा तर का थांबवायचा हे सांगावे लागले असते, आणि ते सांगितले की लोटा आला, बूच आले, बैठक आली, मंचावरचे ते वाक्य आले. जुने खोटे सांभाळायला माणूस जितका दक्ष असतो, तितका जिवंत माणूस सांभाळायला नसतो.

"दगडाला घाम येतोच," तो म्हणाला. "वरच्या कामाचं पाहतो मी मार्चनंतर. आता मध्येच बदली मागितली तर बरं दिसत नाही."

आणि त्याने शेवयांची खीर आणखी मागून घेतली.

फेब्रुवारीत एका दुपारी बोगद्याच्या टोकाशी सुरुंग उडाला आणि चीर फुटली. अर्धा किलोमीटर उंचीच्या पाण्याचा भार एका हातभर फटीतून बाहेर आला. त्यापुढे पंपांचे काय चालणार. वरच्या भागातली माणसे धावत बाहेर निघाली. टोकाची निघाली नाहीत. गावाला आधी कळले ते तलावावरून. वारा नसताना मधोमध पाणी गोल फिरू लागले. संध्याकाळपर्यंत घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. चार दिवसांत तळ दिसला. चिखलात मासे तडफडत होते आणि ढिवर बाया काठावर नुसत्या बसल्या होत्या. टोपल्या भरायला कोणी उतरले नाही.

मंडळाने पत्रक काढले. सुरक्षा मूल्यांकनाची प्रक्रिया पूर्ण यशस्वी ठरली आहे, त्यात म्हटले होते, कारण कचरा ठेवण्यापूर्वीच जागेतला दोष उघडकीस आला. वयमापीने हा धोका दोन वर्षांपूर्वीच दाखवला होता, आणि हे देशी यंत्राचे मोठे यश आहे, असाही एक परिच्छेद होता. यंत्राच्या यशाबद्दल संचालक डॉ. कापगते यांचे अभिनंदन केले होते. लोट्याचा उल्लेख कुठेही नव्हता. तो लोटा आता कोणाच्याच उपयोगाचा नव्हता.

प्रेते काढायचा प्रयत्न दोन आठवडे झाला. पाणी उपसावे तितके भरत होते. शेवटी बोगद्याचे तोंड काँक्रीटने बंद करायचे ठरले. तशी रीतच होती, कायमचे बंद करण्याचे सारे नकाशे मंडळाकडे तयारच होते. फक्त ते कचऱ्यासाठी काढलेले होते.

हेमराज येरंडटोल्याला गेला, तेव्हा भुमेश्वरी ओसरीत बसली होती. भोवती ढिवर बाया होत्या. दोन वर्षांनी त्या तिच्या दारात आल्या होत्या. त्याला पाहून एकही उठली नाही, एकीनेही नमस्कार केला नाही. तो पायरीवर उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "मला तुला एक सांगायचं आहे. त्या वेळी मंचावर मी..."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "तलाव आटला तवाच समजलं. तो काही माह्या लोट्यानं नाही आटला."

"मी ते सगळं सांगतो. चौकशी होईल, तिथे सांगतो. लेखी देतो."

तिने मान वर केली. डोळे कोरडे होते.

"तू बोलू नोको, दादा. तू बोलला का माणसं मरतेत. जा तू."

तो गेला. चौकशी झाली, आणि तिथे त्याने काहीच सांगितले नाही. बहिणीनेच बोलू नको म्हटले होते, असे तो पुढे आयुष्यभर स्वतःला सांगत राहिला. तिचा शब्द त्याने पाळला तो एवढाच.

येरंडटोल्याच्या डोंगरात कचऱ्याचा एकही डबा गेला नाही.

टेकचंद हातझाडे आणि त्याच्याबरोबरचे सहा कामगार १६ फेब्रुवारी २०४३ रोजी दुपारी बोगद्यात बुडून मेले. ते तिथेच आहेत. टिपणीस साहेब २०५१ साली पुण्यात, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, झोपेत गेले. हेमराज कापगते २०५८ च्या मे महिन्यात नागपुरात हृदयविकाराने मेला. भुमेश्वरीला निरोप पोचला होता. ती गेली नाही.